अक्कांच्या हातावरचा डाग

शेजारच्या कानडी अक्का प्रत्येक वाक्याला "गोत्ता?" जोडतात, मग समोरच्याला ठाऊक असो वा नसो. हृदयात झडप बसवल्यापासून रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या रोज गोळी घेतात. त्या गोळीमुळे जरा कुठे हात आपटला की निळा डाग उठतो आणि अक्का तो पदराने झाकतात.

गौरीच्या सणाला बांगडीवाली हात दाबून बांगड्या भरते. तिच्या येण्याआधी अक्का कुंपणापाशी हळूच म्हणाल्या, "गोळी बंद केलीय. सणाला निळे हात बरे दिसत नाहीत, गोत्ता?"

न विचारता गोळी सोडली तर झडपेवर गुठळी धरेल, हे डॉक्टरांचं बोलणं त्यांनीच मला सांगितलं होतं. मोठ्यांपुढे माझी जीभ उचलत नाही. तरी कणकेचे हात तसेच घेऊन मी त्यांच्या दारात गेले.

"अक्का, डॉक्टरांना फोन लावा."

"सुम्मने, गप बस गं, काही होत नाही!"

मी हललेच नाही. शेवटी त्यांनी फोन लावला, बोलणी खाल्ली आणि गोळी पुन्हा सुरू केली.

सणाला बांगड्यांचं सैल माप घेऊनही अक्कांचं मनगट निळं झालंच. पदर न ओढता त्यांनी हात पुढे केला. "बघ, हा तुझा डाग, गोत्ता?"

आता त्यांचे हात स्वच्छ दिसले की मलाच धास्ती वाटते.