पप्पांनी बघितलेली मॅच

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय, कारण पप्पा अंघोळीला गेलेत आणि ते बाहेर आले की माझी हिंमत जाणार. भराभर टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे एक घरगाडी आहे. म्हणजे जुनी स्कूलबस. पप्पा वीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे, मग कंबर गेली आणि डॉक्टर म्हणाले आता बस. तर हे घरी बसेनात. भंगारातून ही बस आणली, सीट काढल्या, पलंग ठोकला, गॅसची शेगडी लावली, भिंतीवर टीव्ही बोल्टने आवळला, टपावर डिश बांधली. रंग अजून पिवळाच आहे आणि मागे ‘मुले चढत-उतरत आहेत’ असं लिहिलेलं तसंच आहे. आम्ही कुठेही थांबलो की मागच्या गाड्या बिचाऱ्या थांबून राहतात.

आता दादाचं सांगते. दादा कबड्डी खेळायचा. पप्पांनी खूप जणांच्या हातापाया पडून त्याला बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कामाला लावलं होतं, आणि त्याने ते सरावासाठी सोडलं. पप्पा देवळासमोर, अख्ख्या गावासमोर बोलले, “उड्या मारून पोट भरत न्हाय. याचा खेळ मी बघणार न्हाय, कधीच.” त्यानंतर वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. समोरासमोर जेवायला बसायचे आणि पप्पा मला सांगायचे, “तुझ्या भावाला सांग, मीठ दे.” मीठ दादाच्या हातात असायचं. मी म्हणायचे, “दादा, मीठ दे.” मम्मी म्हणायची, “हिला पगार द्या रे कोणीतरी.”

आणि मग दादा राज्याच्या फायनलला पोचला. टीव्हीवर लाईव्ह दाखवणार होते, रविवारी दुपारी चार वाजता. गावाने देवळात मोठा पडदा लावायचं ठरवलं. मम्मी गावातल्या बायकांबरोबर जीप करून मॅचला निघाली. शनिवारी संध्याकाळी पप्पा मला म्हणाले, “दिवेआगरला जाऊन येऊ. गाडी लांब नेऊन बघायचीय, कशी चालते ती.”

मी म्हटलं, “उद्या? उद्या मॅच आहे.”

“असू दे की. गाडीत टीव्ही हाय.”

तेव्हा मला कळलं. त्यांना मॅच बघायचीच होती, फक्त गावासमोर नाही. देवळात बसले असते तर पडद्यापेक्षा जास्त लोक त्यांच्याच तोंडाकडे बघत बसले असते. मी लगेच बॅग भरली.

शनिवारी दिवसभर गावात लाईट नव्हती, त्यामुळे गाडीची मागची बॅटरी, जिच्यावर टीव्ही चालतो ती, अर्धीसुद्धा भरली नव्हती. पप्पांनी दिवेआगरच्या वाडीवाल्या काकूंना फोन लावला, ज्यांच्या नारळी-पोफळीत आम्ही गाडी लावणार होतो. स्पीकर चालू होता, मी स्वतः ऐकलंय.

“लाईट हाय ना तिथं?”

“हाय की, चोवीस तास. वादळ आलं तरी जात न्हाय.”

पप्पा खूश. पहाटे निघालो, गाडीत पंखा चालू, मोबाईल चार्जिंगला, मी गाणी लावली. तिथे लाईट आहेच, तिथे गेल्यावर भरू.

अकराला पोचलो. काकू गेट उघडायला बोर्लीहून आल्या होत्या, त्या राहतात तिकडे. पप्पा हातात वायर घेऊन उतरले आणि विचारलं, “मीटर कुठाय?”

“कसला मीटर?”

“लाईट हाय म्हणालात ना? टीव्हीवर मॅच बघायचीय.”

काकूंनी वर बोट दाखवलं. बांबूला एक सोलरचा दिवा बांधलेला. उन्हावर चालणारा. “ती काय लाईट. वादळात खांब पडले तेव्हापासून वाडीत तार आलीच न्हाय. तुम्ही लाईट विचारलीत, मी लाईट सांगितली. टीव्ही म्हणाला असतात तर टीव्हीचं सांगितलं असतं.”

मला इतकं हसू आलं. खरंच, त्यात खोटं काय होतं? पप्पा मात्र हसले नाहीत. काकूंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, “मॅच बघायचीय ना? माझ्या घरी चला. आळीतली सगळी माणसं जमणार हायत, मी वडे तळतेय.”

“नको,” पप्पा म्हणाले. “हितंच बरं हाय.”

काकू गेल्यावर मी म्हटलं, “पप्पा, जाऊया ना. तिथे आपल्याला कोण ओळखतंय?”

“आडनाव येतंय टीव्हीवर. काकूंना फोनवर माझं आडनाव सांगितलंय.”

पंखा बंद केला, सगळं बंद केलं आणि चार वाजेपर्यंत घामात बसून राहिलो. मधल्या वेळात मी टपावर चढून डिश फिरवली. खालून पप्पा ओरडत होते, “आला, आला, गेला. परत. आला. हात काढू नको.” मी हात काढला तरी चित्र टिकलं, तेव्हा ते हसले. त्या दिवशी एकदाच.

मॅच सुरू झाली आणि दादा मैदानात नव्हताच. राखीव खेळाडूंत, बाकावर बसलेला. पप्पांनी तरी अख्खा पहिला डाव बघितला. कॅमेरा दोनदा बाकावर गेला. दोन्ही वेळा ते पुढे सरकले. एकदा दादा टॉवेलने मान पुसत होता. पप्पा म्हणाले, “बारीक झालाय.” वर्षभरात दादाबद्दल ते माझ्याशी मीठ सोडून पहिल्यांदा बोलले होते.

मध्यंतरात, बॅटरीवर टीव्ही चालवणारा इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. मग टीव्ही गेला.

फोनवर बघावं तर वाडीत नेटचं नुसतं चक्र फिरत होतं. गाडी चालू करून पुढच्या, इंजिनच्या बॅटरीवरून तार मागे आणावी, तर तार तेवढी लांब नव्हती. पप्पांनी पुढची बॅटरीच सोडवली. कंबर दुखत असताना एकट्याने उचलून मागे आणली. “दोन्ही जोडतो, मॅच संपेपर्यंत पुरेल.” मला पकड धरायला लावली आणि झपझप जोडलं, एकदाही न थांबता, जसं ते आयुष्यभर करत आले होते.

आणि तीच चूक झाली. ट्रेलरला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून त्यात दोन बॅटऱ्या एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला लावून जोडतात. आमचा इन्व्हर्टर बाराचा. पप्पांना हे माहीत होतं, दुकानातून तो त्यांनीच निवडून आणला होता. पण त्या घाईत हात ट्रेलरचंच काम करून बसले. फट् असा आवाज झाला, जळका वास आला, धूर निघाला. पप्पा तारांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ट्रेलरची जोडणी केली मी.”

इतक्यात मम्मीचा फोन आला. रेंजची एकच दांडी होती, तुटक ऐकू येत होतं. मी स्पीकरवर टाकला. “उतरला गं, उतरला, दादा उतरला.” मागे नुसता गोंगाट. “दोघं मारले, दोघं.” पप्पा फोनवर इतके वाकले होते की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग मम्मीचा आवाजच बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. पण लोकांचा आवाज येत होता, नुसता दबका. मग ती म्हणाली, “उठत न्हाय तो. गुडघा धरलाय.” आणि मग खरंच रेंज गेली.

पप्पा पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले, चावी फिरवली. बॅटरी मागे पडली होती, गाडी कशी चालू होणार? तरी तीन वेळा फिरवली.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चालेल नीट, खेळणार नाही. दादा आता यार्डातच आहे, गेटवर बसून कंटेनरचे नंबर लिहितो. पप्पांना हवं होतं तेच झालं, आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नाही. मॅचची क्लिप आहे, पण ती त्याच्या पडण्याची. लोकांनी तेवढीच फिरवली. दोघं मारले ती चढाई मला कुठेच सापडली नाही, आणि मी खूप शोधलंय.

बोलणं सुरू झालंय दोघांचं. ते तसं हॉस्पिटलमध्येच झालं. दादाने पलंगावरूनच विचारलं, “बघितलीत मॅच?”

पप्पा म्हणाले, “बघितली.”

“ती रेड?”

“बघितली. चांगली मारलीस.”

आणि दादा रडला. आता तो मित्रांनासुद्धा सांगतो, माझी एकच चढाई टीव्हीवर आली पण पप्पांनी बघितली. पप्पा मान हलवतात. मग माझ्याकडे बघत नाहीत. मी पण बघत नाही. दादाला खरं सांगितलं तर त्याच्याकडे काय उरतं? आणि नाही सांगितलं तर हे असंच चालणार, पप्पा म्हातारे होईपर्यंत.

नळ बंद झाला. सांगा ना, तुमच्या घरात कोणी असं न बघितलेलं ‘बघितलं’ म्हणून सांगितलंय का? आणि तुम्हाला ते माहीत असताना तुम्ही गप्प राहिलात का?