वीतभर अंतरावरचं सासर

आमचे बाबा वीज खात्यात नकाशे काढायचे. या गावाहून त्या गावाला तार कुठून न्यायची, ते कागदावर पट्टी ठेवून ठरवायचं, हे त्यांचं काम. तारेला डोंगर चढताना धाप लागत नाही, नदी ओलांडायला होडी लागत नाही. ती सरळ जाते. बाबाही तसेच, नाकासमोर चालणारे. कचेरीच्या एकाच खिडकीजवळ बसून त्यांनी जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते फक्त आमच्या घरचं.

ताईसाठी दोन स्थळं आली होती. एक मोठ्या रस्त्यावरचं, पण नकाशावर लांब. दुसरं डोंगरापलीकडच्या गावातलं. बाबांनी टेबलावर नकाशा पसरला, पट्टी टेकवली आणि आईला म्हणाले, "हे बघ, वीतभर. विमानाने गेलं तर दहा मिनिटं. पोरगी डोळ्यांसमोर राहील."

"विमान सुटतं कुठून म्हणे?" आईने विचारलं.

"तुला कशातलं काही कळत नाही. मी अंतर सांगतोय."

दोन्ही गावं एवढीएवढीशी. विमानतळ राहू द्या, धड बसस्टँड नाही. आमच्याकडे उडायचे ते कावळे आणि कचऱ्यातल्या पिशव्या. तरी लग्न लागलं. मग समजलं, की डोंगराला वळसा घालून जायला तीन बस बदलाव्या लागतात आणि अख्खा दिवस मोडतो. बाबांनी तो रस्ता कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी तिकडे तार नेली होती, माणूस नेला नव्हता.

ताईच्या सासरी आयतंच निमित्त मिळालं. "एवढ्या लांब कशाला जातेस? घरचं कोण बघणार?" वर्षाकाठी ती एकदा यायची आणि दुसऱ्या सकाळी परत. आई विचारायची, "सुखात आहेस ना गं?" ताई म्हणायची, "बस चुकेल, आई." बाबा मात्र गावभर सांगत फिरायचे, थोरलीला हाकेच्या अंतरावर दिली आहे. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

आईने अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी ताईला फोन केला. ती पहाटेच्या बसने निघाली. आईचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. "कुठवर आली?" एवढंच विचारत होती. बाबा उशाशी बसून म्हणत होते, "आलीच. हे काय, डोंगरापलीकडे तर आहे." दुपारी ताईचा फोन आला: दुसरी बस घाटात बंद पडली आहे, चालत निघालेय. मी आईला ते सांगितलं नाही. दाराकडे बघता बघताच ती गेली.

ताई दिवेलागणीला पोचली. तुटलेली चप्पल हातात, पाय चिखलाने भरलेले. रडली नाही. आईचा हात हातात घेऊन बसून राहिली. बाबा तिच्याजवळ गेले. काहीतरी बोलायचं म्हणून, की खरंच तसं वाटत होतं म्हणून, देव जाणे, पण म्हणाले, "पाखरू असतीस तर वेळेत पोचली असतीस गं."

ताईने मान वर केली नाही.

"पाखरू असते, बाबा, तर त्या घरात एक दिवस तरी राहिले असते का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मदतीला गेले नाही.