सुलभाताईंची ग्रिप

गणपती उरकले आणि पुढच्याच रविवारी मी रत्नागिरीहून चिपळूणला पिस्तूल बघायला गेले... दचकू नका. एअर पिस्तूल. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतं, तेवढंच.

ऑफिस सांभाळून मी बरीच वर्षं नेमबाजी करतेय, आणि तितकीच वर्षं पिस्तुलं घेतेय नि विकतेय. सेकंडहँड घ्यायचं, वर्षभर कुरकुरत वापरायचं, मग ते विकून दुसरं. नवरा पाहुण्यांना सांगतो, "लोकांच्या बायका साड्या बदलतात, आमची पिस्तुलं बदलते." क्लबातली मंडळी तर तोंडावर म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडे...

पण अंगण खरंच वाकडं होतं हो! माझा हात अगदीच लहान. कासारीण तो बघते आणि सरळ लहान मुलींच्या बांगड्यांचा डबा उघडते. पिस्तुलाची लाकडी मूठ, म्हणजे ग्रिप, मात्र बाप्यांच्या पंजाच्या मापाची. ट्रिगरवर बोट नेलं की तळवा सुटायचा, तळवा टेकवला की बोट पोचायचं नाही.

तुम्ही म्हणाल, मग ग्रिप तासून घ्यायची. सगळे नेमबाज तेच करतात. जास्त तिथे कानशीने घासायचं, कमी तिथे पुट्टी भरायची, परत घासायचं, असं करत करत ती आपल्या हाताला बसवायची. मीही बसले होते घासायला, एक चांगली ग्रिप तडकवून उठले. माझ्या अंगात ती कला नाही, हे मी कधीच मान्य केलंय.

या वेळी ठरवूनच निघाले होते, हे शेवटचं. जमलं तर जमलं, नाहीतर नेमबाजी बंद. लिहायला सोपं आहे, पण हातखंब्यापासून संगमेश्वरापर्यंत गाडी चालवताना मला रडूच येत होतं. क्लबातली रविवारची ती सकाळ गेली, तर माझं असं काय उरणार होतं?

विकणारे काका एसटीतून रिटायर झालेले. पिस्तूल त्यांच्या बायकोचं, सुलभाताईंचं. त्या शाळेत पीटीच्या बाई होत्या, दोनेक वर्षांपूर्वी वारल्या. "पडून राहिलं की आतले सील सुकतात, तीच सांगायची," म्हणून काकांनी ते विकायला काढलेलं.

पेटी त्यांनी वरच्या खोलीतून आणली. घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा सुलभाताईंनी ओरडून ओरडून आधी ही पेटी वर न्यायला लावली होती. साड्यांचं कपाट, लग्नाचा अल्बम, सगळं खाली चिखलात गेलं. हे काका चहा गाळता गाळता सांगत होते.

मी पिस्तूल उचललं... आणि हात बसला! अंगठ्याला खोबण, करंगळीला टेकू, बोट थेट ट्रिगरवर. ग्रिप दिसायला काही देखणी नव्हती, पुट्टीचे थर आणि त्यावर कानशीचे ओरखडे. पिस्तूल रिकामं आहे ना ते बघून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. हात जरासुद्धा हलेना. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू.

घेते म्हटलं. काकांनी मान हलवली, खिशातून अ‍ॅलन की काढली आणि ग्रिपचा स्क्रू सोडवायला लागले. कंपनीची मूळ ग्रिप पेटीत होती, ती लावून देणार होते. "पिस्तूल न्या ताई तुम्ही. ही येवढी मी ठेवतो."

पिस्तुलं काय, शोधली की मिळतात... मला हवी होती ती ग्रिपच! पण त्यांना सांगायचं कसं? अख्ख्या संसारातून बायकोच्या हाताचा तेवढाच ठसा त्यांच्याकडे उरला होता.

"ठेवा काका, तुमचीच आहे ती," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, पण आवाजाने दगा दिला असणार.

काकांनी वर बघितलं. स्क्रू अर्धवट सुटलेला तसाच. "परत येकदा धरा बघू," म्हणाले. मी धरलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले... माझ्याकडे नाही, हाताकडे.

"रोज बोटं घालून बघतो ओ मी," ते हळूच म्हणाले. "शिरत नाय माझी."

मग त्यांनी स्क्रू परत घट्ट पिळला, पिस्तूल पेटीत ठेवलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "न्या. पण पडून नाय ठेवायचं." वाकून नमस्कार केला आणि निघाले.

स्कोअर वाढला का? वाढला थोडा, फार नाही. तो भाग माझ्या डोक्यातल्या गोंधळाचा आहे, त्याला कुठली ग्रिप पुरणार! काकांचा अधूनमधून रविवारी दुपारी फोन येतो. स्कोअर कधी विचारत नाहीत. "आज गेला होतात ना?" एवढंच विचारतात आणि हो म्हटलं की "बरं" म्हणून फोन ठेवतात.

मला वाटायचं, हे सगळं बाप्यांच्या मापाचं आहे आणि त्यात मी एकटीच आपलं माप शोधत फिरतेय. तसं नव्हतं. माझ्याआधी एक बाई कानस घेऊन बसली होती, हात दुखेपर्यंत घासत राहिली होती.

सुलभाताई, आपली भेट कधी झाली नाही... पण दर रविवारी मी आधी तुमचा हात धरते, मग पिस्तूल.