ओटी भरून मी गेले कुठे?

भूत-बित, करणी-बिरणी असलं काही माझ्यासमोर कुणी काढलं की मी सरळ खडू फेकून मारायचे. सांगलीत शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवण्यात गेला हो माझा. या ग्रुपवरचे अनुभवही मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचले. मग आज स्वतः का लिहितेय? कारण घरात माझं कुणी ऐकून घेत नाही. तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचाल.

माझा मुलगा निखिल चेन्नईत आयटीत आहे. पेरुंगुडीला ऑफिस, तिथेच फ्लॅट. सून जानकी तिथलीच, तंजावरच्या मराठी घरातली. त्यांची मराठी जुन्या वळणाची, वर तमिळ हेल... ऐकायला गोड. जानकीला सातवा लागला, डोहाळजेवण ठरलं आणि मी विमानाने गेले. वाटलं, आता घरी जायचं. पण गाडी निघाली एग्मोरला, एका हॉटेलपुढे थांबली.

"घरी जानकीच्या माहेरचे सगळे उतरलेत गं," निखिल म्हणाला. "तुला झोप लागायची नाही. इथून म्युझियम, किल्ला, सगळं जवळ आहे."

"अरे, मी किल्ला बघायला आलेय का?"

तो एसीच्या रिमोटशी खेळत बसला. मग हळूच म्हणाला, "उद्या ओटीला सवाष्णीच हव्यात असं जानकीची आई म्हणते. मागच्या वेळी तू ओटी भरलीस आणि नंतर... ते गेलं ना. त्या घाबरल्यात, आई. मी काय करू?"

मागच्या वेळी जानकीला चौथा होता. ती सांगलीला आली होती, आणि सून घरातून रिकाम्या ओटीने कशी जाऊ द्यायची, म्हणून मी भरली. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पुढे पोर राहिलं नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, निखिलने स्वतः ऐकलं होतं. तरी खापर माझ्या रिकाम्या कपाळावर! तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोटुशी पोर आहे, उद्या काही कमीजास्त झालं तर पुन्हा मीच पांढऱ्या पायाची ठरणार, म्हणून मूग गिळून गप्प बसले.

माझ्या बॅगेत खण होता. हिरवा, आणि त्याच्या कोपऱ्यात मी रेशमाने राघूंची जोडी भरली होती. लाल दोरा संपला म्हणून एका राघूची चोच नारिंगी केलेली. तो खण पुन्हा घडी घालून ठेवला, बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ड्रायव्हर मुरुगन, भला माणूस, मोडकं हिंदी बोलणारा. किल्ला पाहिला. तिथलं जुनं चर्च पाहिलं. कोण कुठले गोरे पुरलेत तिथे, त्यांच्या दगडांवरची धूळसुद्धा रोज पुसतात. मी मात्र सख्ख्या मुलाच्या दारात नकोशी! हे सगळं मी मुरुगनला मराठीत ऐकवलं. तो आपला मान डोलवत होता.

मग जॉर्जटाऊनमधलं काळिकांबाळचं देऊळ. महाराज इथे दर्शनाला येऊन गेले असं सांगतात, त्यामुळे चेन्नईला गेलेला मराठी माणूस तिथे गेल्याशिवाय राहत नाही. दारातला फोटो निखिलला पाठवला, 'बघ, फिरतेय' म्हणून. आत बायका देवीपुढे नारळ देत होत्या. मी खांबाला टेकून बसले, डोळे मिटले. मी नास्तिक बाई, पण त्या दिवशी मागितलं... पोरीला सुखरूप सोडव गं बाई, मला नाही बोलावलं तरी चालेल. रडूही आलं, खोटं कशाला सांगू. मुरुगन समोरच बसून होता. त्याने पाणी आणून दिलं आणि आम्ही निघालो.

हॉटेलात पोचते तोच निखिलचा फोन.

"आई, तू कशाला आलीस?"

"कुठे?"

"नाटकं करू नकोस! एवढ्या बायकांसमोर, आणि तेही कुंकू लावून? ओटी भरलीस आणि कुणाशी न बोलता निघून गेलीस. जानकीची आई आत जाऊन रडतेय!"

"अरे बाबा, मी देवळात होते. तुला फोटो पाठवला ना?"

"आधी काढून ठेवला असशील."

मला खण आठवला. फोन ठेवला आणि बॅग उघडली. कुलूप जसंच्या तसं. बाकी कपड्यांची घडीही मोडली नव्हती. खण नव्हता.

संध्याकाळी जानकीने चोरून फोन केला. "आई, जेवल्या का नाही तुम्ही? मी पान मांडायला सांगितलं, तोवर तुम्ही नाहीतच."

"जानकी, मी काय नेसले होते गं?"

"हिरवी इरकल. कपाळाला ठसठशीत कुंकू. मला इतकं बरं वाटलं, आई... पण हात किती गार होते तुमचे!"

मी दिवसभर बिस्किटी कॉटनमध्ये होते. हिरवी इरकल सांगलीला कपाटात होती आणि आजही आहे. खणाचं विचारलं. ती म्हणाली, दोन राघू आहेत, एकाची चोच नारिंगी. तिच्या आईने काढून घेतला आणि समुद्रात सोडायला पाठवला.

झोप लागली असेल, स्वप्न पडलं असेल, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण स्वप्न मला पडलं, तर दिसलं त्या बायकांना कसं? आणि कुलपातला खण पेरुंगुडीला गेला कसा? फळ्यावर मांडता येईल असं काहीच हाती लागत नाही.

जानकी सुखरूप सुटली. मुलगी झाली, गुटगुटीत आहे. मी अजून फोनवरच पाहिलीय. विहीणबाई सगळ्यांना सांगतात, शांत केली म्हणून निभावलं. ती शांत काय होती, ते मला परवा जानकीने रडत रडत सांगितलं. डोहाळजेवणाच्या दुसऱ्याच दिवशी, मी सांगलीच्या परतीच्या वाटेवर असताना, घरात होम केला. निखिल पाटावर बसला होता. गुरुजींनी विचारलं, बाधा कुणाची आहे?

त्याने माझं नाव सांगितलं.