तळव्याचं रंगकाम

हमरापुरात साच्यातून गणपती कुणीही काढतं, सोंडेवर पॉलिश कागद कुणीही फिरवतं. पण डोळे आखावेत ते महिपतीनेच. असं आधी फक्त महिपती म्हणायचा. पण इतक्यांदा म्हणायचा की शेवटी कंटाळून गावानेही ते मान्य करून टाकलं. डोळे आखायला बसण्याआधी तो तंबाखू थुंकायचा, हात धुवायचा, कारखान्यातला रेडिओ बंद करायला लावायचा आणि ब्रश उचलून असा श्वास रोखून धरायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता आधी गणपतीच श्वास घेणार.

साखरेचा आजार त्याला जुना. त्याचंही त्याला कौतुकच होतं. "आपल्यात साखर हाय, लोकांत मीठ," असं तो सांगायचा आणि वर पेढा खायचा. पायांना मुंग्या येऊन येऊन तळवे बधिर झाले होते. यंदा आषाढात कारखान्यात पडलेला तारेचा तुकडा उजव्या तळव्यात घुसला, तर ह्याला पत्ताच नाही. बायकोने, चंद्रावतीने, जमिनीवर लाल ठसे बघितले. आधी तिला वाटलं, रंग सांडला.

पेणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम बघून सरळ सांगितलं, "वरून लहान दिसते, पण आत खोल आहे. पाय टेकवायचा नाही, एक दिवसाआड ड्रेसिंग. हयगय केलीत तर पाय जाईल."

मग मनाली सिस्टरने महिपतीच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. "काका, आता तुमची तब्येत तुमच्याच हातात. रोज तळव्याचा फोटो पाठवायचा. बरं असेल तर हिरवं पान येईल, बिघडलं तर लाल घंटा. घंटा आली की आम्ही बोलावून घेऊ. घरातल्या आणखी कुणाला कळवायचं?"

महिपतीने मोठ्या ऐटीत मुलीचा नंबर दिला. मृणाली रोह्याला एका कंपनीत नुकतीच लागली होती, अजून कायम व्हायची होती.

पहिल्या दिवशी लाल घंटा. दुसऱ्या दिवशी लाल घंटा. दवाखान्यातून फोन, पाठोपाठ रोह्याहून फोन. "बाबा, मी शिफ्ट सोडून येते." आता ती आली म्हणजे तिचं कायम व्हायचं राहिलं, हे महिपतीला कळत होतं. त्यात कारखान्याचे मालक हैबतराव दारात येऊन उभे. "महिपती, शेड भरून आंधळे गणपती बसलेत. तू पाय वर करून बसलास तर त्यांनी बघायचं कुणाकडे?"

तिसऱ्या दिवशी महिपतीला ते सुचलं. सुचायला काही लागलं नाही, हात आपोआप तिकडे वळला. मूर्तीला तडा गेला की कारागीर काय करतो? शाडू भरतो, वरून गुळगुळीत करतो, अंगाचा रंग देतो. गिऱ्हाइकाला ओळखू येत नाही. महिपतीने ओट्यावर बसून पाय मांडीवर घेतला, जखमेत चिमूटभर ओली शाडू दाबली, बोटाने सारखी केली आणि आपल्या कातडीचा रंग कालवायला घेतला.

"अवो, ही काय थेरं?" चंद्रावती ओरडली.

"गप गो. तडा बुजवतोय."

"देव मातीचा हाय. तुमी कशाचे?"

"फोनला इचारू," महिपती म्हणाला आणि तळव्यावरच्या रेषासुद्धा बारीक ब्रशने ओढल्या. फोटो गेला. ॲपने विचारलं, दुखतं का? त्याने खरं तेच उत्तर दिलं, नाही. हिरवं पान आलं. खाली अक्षरं: 'शाब्बास! तुम्ही स्वतःच्या आरोग्याची उत्तम काळजी घेत आहात.'

आयुष्यात त्याला एवढ्या सहजासहजी शाब्बासकी कुणी दिली नव्हती. मग रोज तेच. ड्रेसिंगला तो गेलाच नाही, आणि चंद्रावतीचं तोंड पोरीची शपथ घालून बंद केलं. आठवडाभर हिरवं आलं तशी ॲपनेच कळवलं, आता ड्रेसिंगला यायची गरज नाही. मृणालीने फोनवरून पापा पाठवला. महिपती पुन्हा मांडी घालून डोळ्यांना बसला.

श्रावणात दवाखान्याने त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि भिंतीवर मोठ्ठा करून दाखवलेला महिपतीचा तळवा. मनाली सिस्टर बाकीच्या पेशंटांना सांगत होती, "बघा, काकांनी मनावर घेतलं म्हणून!" सगळे भिंतीकडे बघत होते. महिपतीही बघत होता. टाचेजवळची एक रेष जरा जाड आली, ही खंत त्याला तेवढ्यातही लागली. खरा पाय खाली बुटात होता, फडक्यात गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधलेला.

त्या क्षणी त्याला फार वाटलं, कुणीतरी म्हणावं, काका, बूट काढा बघू. डॉक्टरांनी हार घातला. सिस्टरने माइक दिला. तो बुटाकडे वाकलासुद्धा होता. पण पहिल्या रांगेत मृणाली उभी राहून व्हिडिओ काढत होती, हसत होती. महिपती सरळ झाला आणि म्हणाला, "आपला पाय आपुनच सांभाळावा." टाळ्या पडल्या.

त्यानंतर ताप चढला. कारखान्यातल्या टर्पेंटाइनच्या वासात दुसरा वास कुणाला आला नाही. घरी चंद्रावतीला आला. तिने रोह्याला फोन केला, "मृणाली, ये गो बाय. तुझ्या बापाचा पाय सडलाय."

"आई, आत्ताच हिरवं आलंय! तू उगाच घाबरतेस. त्या दिवशी भिंतीवर बघितला ना आपण?"

चंद्रावतीने फोन ठेवला. शेजाऱ्यांच्या मदतीने तिने नवऱ्याला रिक्षात घातलं आणि पेण गाठलं. तो रस्ताभर पुटपुटत होता, गौरीचे डोळे राहिले म्हणून.

टेबलावर डॉक्टरांनी पाय धुवायला घेतला. रंग निघाला, मग माती निघू लागली, मग जे निघालं ते बघून मनाली सिस्टरने, तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून, हात लावला.

"हे काय भरलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाडू," महिपती म्हणाला. आवाजात कौतुक नव्हतं.

"गुडघ्याखालून काढावा लागेल. आजच."

"चतुर्थी झाल्याव काढा, सायब."

"चतुर्थीपर्यंत तुम्ही राहणार नाही."

मृणाली कंपनीच्या कपड्यांतच धावत आली तेव्हा स्ट्रेचर दारापाशी होतं. ती रडली नाही. बापाच्या उशाशी वाकून तिने विचारलं, "खोटं का पाठवलंत, बाबा?"

"तुला शिफ्ट सोडाय लागली आसती."

"मी सोडली असती ना," ती म्हणाली. "मी रोज ते हिरवं पान बघत होते, बाबा. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना दाखवत होते."

महिपतीने चादर ओढून पाय झाकला. वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं.