कपाटामागची सुई

पहाटे साडेतीनला, अजानीच्याही आधी, मेतवल्लीचा दिवस सुरू व्हायचा. बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि रोटी पोटात ढकलून तो इजिप्तमधल्या दमनहूरच्या कांदाबाजारात ट्रक रिकामे करायला लागायचा. गोणी मांड्यांच्या जोरावर उचलायची, कण्हायचं नाही, मध्ये टेकायचं नाही. तरी गुडघा धरायचाच.

गुडघा धरला की हमाल रगबच्या औषधाच्या दुकानात जात. कपाटामागे अंगरखा वर करायचा, कुल्ल्यावर सुई घ्यायची, परत ओझ्याखाली. सर्दीला तीच, कंबरेला तीच, थकव्यालाही तीच. कुठे दुखतं, कधीपासून, हे रगब विचारत नसे. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण नुसतं विचारत बसते आणि सुईशिवाय परत पाठवते, म्हणून तिच्याकडे कोणी फिरकत नसे.

मग मेतवल्लीची तहान भागेना. मोरीत मुंग्या लागल्या. बायको इन्साफ नाकाला पदर लावून म्हणाली, "सामेहचे बाबा, तुमच्या लघवीला मुंग्या येतायत. आणि पायाला मेल्या उंदराचा वास. आज बाहेर झोपा."

तो रगबकडेच गेला. रगबने वासाने तोंड फिरवलं, अशक्तपणा आहे म्हणाला आणि दोन सुया टोचल्या.

शेवटी इन्साफने त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मोजा काढायला लावला. मोज्याबरोबर कातडीही निघाली. बाकावरच्या दोन बायका उठून बाहेर गेल्या. मेतवल्लीला स्वतःच्याच अंगठ्याची ओकारी आली.

बाईंनी सुयांचं विचारलं. सगळेच घेतात, तो म्हणाला.

"सगळे घेतात म्हणून तुम्ही घेतल्यात, काका? साखर अंगात होतीच. या सुया दुखणं झाकतात आणि साखर चढवतात. अंगठा गेला. पाऊल हवं असेल तर उद्याच शहरातल्या इस्पितळात जा."

घरी येताना त्याच्या मनात रगबच घोळत होता. साधा हमालसुद्धा गोणी घेताना, आत कांदा सडलाय का कळावं म्हणून, तिच्या तळावरून हात फिरवतो. त्या रगबला इतक्या वर्षांत एकदा वाकून बघायचं झालं नाही. आणि त्याला स्वतःला तरी कुठे झालं? फुकटचा आराम हवा होता. तो उंबऱ्याबाहेर थुंकला.

पाऊल राहिलं. मुलाच्या, सामेहच्या, लग्नाआधी छतावर खोली चढवायची म्हणून साठवलेली सगळी मजुरी एक कुजका अंगठा कापून टाकण्यात गेली.