मधला सेट

पुण्यातल्या सायकलच्या दुकानात काउंटरवर दोन खोकी उघडून ठेवली होती. एकात मधल्या दर्जाचा सेट, दुसऱ्यात सगळ्यात वरचा. सेट म्हणजे गिअर, ब्रेक, पायडलचं चक्र, साखळी, असं सांगाड्यावर चढवायचं सगळं सामान. माझी मुलगी एकोणीस वर्षांची. रस्त्यावरच्या शर्यतींत उतरते. तिच्या सायकलचा सांगाडा चांगला होता, पण त्यावरचं सामान झिजलं होतं, म्हणून आम्ही जुन्नरहून आलो होतो.

मी मोटारी भरतो. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी माझ्याकडे आणतात आणि मी तिला नवी तार घालून देतो. तेवीस वर्षं झाली. भारीतली बेअरिंग टाकू का, असं गिऱ्हाइकानं विचारलं की मी सांगतो, साधी चांगल्या कंपनीची टाका, पाणी तेवढंच येईल. तोच मी त्या काउंटरपाशी उभा राहून दोन्ही ब्रेकचे दांडे हातात घेत होतो आणि मला काही सुचत नव्हतं. वरचा दांडा हलका होता. बोट टेकवलं की दाबला जायचा. मी दुकानदाराला विचारलं, उतारावर थांबायला दोन्हींत फरक किती? तो म्हणाला, थांबायला जवळजवळ काहीच नाही. फरक आहे तो वजनाचा, आणि वरच्याचे गिअर बॅटरीवर बदलतात. तुमच्या मुलीच्या शर्यतींना मधला पुरेसा आहे.

विकणारा माणूस स्वस्तातलं घ्या म्हणतोय म्हटल्यावर खरं तर विश्वास बसायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपूर्वीची सकाळ होती. ओझरच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखल आणून टाकला होता, त्यावर घसरून तिनं खांद्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं. दवाखान्यात तिच्या आईनं मला एवढंच विचारलं होतं, "सायकल तुम्हीच घेऊन दिली ना?"

मी वरच्या खोक्याकडे हात नेला. तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, मधलाच घ्या. पडले तर परत घेता येईल असाच घ्यायचा असतो."

तिनं ते इतकं सहज म्हटलं की दुकानदारानंही मान हलवली. मला मात्र त्यातलं 'पडले तर' तेवढंच ऐकू आलं. म्हणजे पडायचं तिनं आधीच धरून ठेवलं होतं. मी मधला सेट घेतला आणि परतीच्या एसटीत नारायणगाव येईपर्यंत खोकं मांडीवर धरून बसलो.

सामान चढवून झालं. रोज संध्याकाळी माझं मोटारींचं दुकान बंद करताना मी सायकलचा एकेक बोल्ट तपासू लागलो. ती म्हणायची, काल बघितलेत, आज काय सैल होणार? तिचं बरोबर होतं. पण हात ऐकत नव्हते. आमच्याकडच्या उसातल्या बिबट्याची भीती मला कळते. उसाच्या कडेनं उजाडल्याशिवाय जायचं नाही, एवढा नियम पाळला की झालं. या भीतीला पाळायला नियमच सापडत नव्हता.

महिन्याभरानं तिनं पोखरीचा घाट धरला. घोडेगाव, डिंभे धरण, मग भीमाशंकरच्या रस्त्याला लागतो तो. चढ चढायचा आणि उताराचा सराव करायचा. मी मोटारसायकलवर तिच्यामागे गेलो. चढावर तिच्या पाठीकडे बघत राहिलो. वर पोचल्यावर ती एका टपरीवर चहाला बसली. मी म्हटलं, तू पी, मी येतो.

सायकल टपरीच्या भिंतीला टेकवलेली होती. दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या चकत्यांवर धूळ बसली होती. आता हिला अख्खा घाट उतरायचा आहे, आणि चकतीवर धूळ. मोटारसायकलच्या डिकीतलं फडकं मी काढलं. त्याच फडक्यानं मी साखळी पुसतो. ब्रेकला तेलाचा हात लागू देऊ नये, हे मला कुणी शिकवायला नको. पण फडकं हाताला कोरडं लागलं, आणि मनात दुसरंच चालू होतं. दोन्ही चकत्या मी चकाचक होईपर्यंत पुसल्या. पुसून झाल्यावर जरा बरं वाटलं.

ती उतरू लागली. मी मागे पन्नासेक पावलांवर. पहिल्या वळणाच्या आधी तिनं ब्रेक दाबला, आणि असा आवाज आला की जणू पत्र्यावर पत्रा ओढतंय कुणी. सायकल थांबली नाही. दुसऱ्यांदा तोच आवाज, आणखी मोठा. ती वळणाआड गेली.

मला त्या क्षणी कळलं. फडकं, साखळी, चकती, सगळं एकदम. मी मोटारसायकल जोरात सोडली, पण वळण येईना. डावीकडे दरी होती, खाली डिंभ्याचं पाणी दिसत होतं, आणि मी रस्त्याकडे बघायचं सोडून त्या पाण्याकडे बघत होतो. तिकडेच शोधायचं, असं मनानं ठरवूनच टाकलं होतं.

वळलो तर रस्त्यात म्हशी उभ्या होत्या. उजव्या अंगाला, डोंगराकडे, रस्त्याच्या कामाचा मातीचा ढीग होता आणि त्यात सायकल अर्धी रुतलेली. ती शेजारी बसली होती. कोपर सोललं होतं. म्हशींमागचा म्हातारा तिला बाटलीतून पाणी देत होता.

मला बघून तो म्हणाला, "पोरीनं डोकं लावलं बघा. दरीकडं न्हाई गेली, सरळ मातीत घातली. बसा पावणं, तुमीच लई घाबरलाय."

मी बसलो. मुलीनं पुढच्या चकतीवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पुसलं का तुम्ही?"

नाही म्हणता आलं असतं. रस्त्यावर कुठं तरी तेल सांडलं असेल, असं म्हटलं तर म्हाताऱ्यानंही मान डोलावली असती. मी हो म्हणालो. कशानं पुसलं तेही सांगितलं.

तिनं बोट मातीत पुसलं. म्हाताऱ्यानं म्हशी बाजूला घेतल्या. मग ती म्हणाली, "तुम्ही मागे असलात की मला सारखं वाटतं, मी आता पडणार आहे."

मागचा गिअर तुटला होता. धान्याची पिकअप मिळाली, तिच्यात सायकल टाकून ती गेली आणि मी मागोमाग. घरी तिच्या आईला मीच सगळं सांगितलं.  आई हळद घेऊन मुलीच्या कोपराशी बसली.

पुण्याच्या दुकानात पुन्हा गेलो. चकतीला धरणारे ब्रेकचे गुटके तेल प्यायले होते, ते बदलावे लागले. चकत्या स्पिरिटनं धुऊन निघाल्या. मी दुकानदाराला म्हटलं, आता वरचाच सेट लावा, सगळा. मुलीनं विचारलं, "त्याला तेल लागलं तर तो थांबेल का?" दुकानदार नाही म्हणाला. तुटला होता तसाच, मधल्या सेटमधला नवा गिअर आम्ही आणला.

तिनं अट घातली. सायकलला तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि घाटात मागे यायचं नाही. मी डिंभ्यापर्यंत यायची परवानगी मागून घेतली.

पुढच्या रविवारी मी धरणाच्या भिंतीपाशी मोटारसायकल लावून उभा राहिलो. घाटाचं शेवटचं वळण तिथून दिसतं. दोनदा जीप उतरली, एकदा एसटी. कान त्या पत्र्यासारख्या आवाजाकडे लागले होते. पाण्याची बाटली डिकीत असूनही ती काढायचं सुचलं नाही.

ती आली. वळणावर वेग कमी केला, आवाज न करता, आणि माझ्यासमोर थांबली. पाणी मागितलं. पिऊन बाटली माझ्या हातात परत दिली.

"अजून एकदा जाऊन येते," म्हणाली आणि सायकल घाटाकडे वळवली.